बंदूक कुणाचं ऐकते?

संपादकीय



या वेळचं संपादकीय लांबच्या मुलखाचं आहे. बैठकांमध्ये तरुण पोरं एक सवाल पुन्हा पुन्हा टाकतात. अर्ज दिले, मोर्चे काढले, तुरुंगात जाऊन आलो, तरी काम तिथंच. मग ज्यांनी हत्यार हातात घेतलं त्यांचं काय झालं? या सवालाला "हत्यार वाईट" एवढं म्हणून भागत नाही. पोरांना ते पटत नाही, आणि पटावं तरी का? पोलीस हत्यार घेऊनच गावात येतात. म्हणून आम्ही एक खरी हकीगत सांगायची ठरवली. आयर्लंडमधल्या एका लहान हत्यारबंद गटाची. नावं अवघड आहेत. वाचून दाखवणाऱ्यानं जमतील तशी घ्यावीत, अडून बसू नये.

इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात आयर्लंड नावाचं बेट आहे. आपल्या महाराष्ट्राच्या चौथाईहून थोडं मोठं, एवढंच. तिथल्या आय.आर.ए. या संघटनेचं नाव पुष्कळांनी रेडिओवर ऐकलं असेल. पण ही गोष्ट तिची नाही. ती संघटना फुटली, त्या फुटीतला एक तुकडा परत फुटला, त्यातून जो गट निघाला त्याची ही गोष्ट. नाव आयरिश नॅशनल लिबरेशन आर्मी. आपण मुक्ती सेना म्हणू.

आधी जमिनीचं बोलू, कारण तिथंही भांडण जमिनीपासूनच लागलं. १६०९ पासून इंग्रज राजानं उत्तरेकडच्या अल्स्टर भागातली जमीन मूळच्या आयरिश लोकांकडून काढून घेतली आणि इंग्लंड-स्कॉटलंडहून आणलेल्या लोकांना वाटली. आलेले प्रॉटेस्टंट, मूळचे कॅथलिक. दोघंही ख्रिश्चन, पण पंथ वेगळे. धर्माचं भांडण म्हणून जे पुढे जगाला दिसलं, त्याच्या बुडाशी सातबारा होता असं म्हटलं तरी चालेल. पुढची दोनशे-अडीचशे वर्षं आयरिश माणूस आपल्याच मुलखात कूळ म्हणून राबला. खंड वेळेवर दिला नाही की घराचं छप्पर पाडून बेदखल करायचे. १८४५ ते १८४९ या वर्षांत बटाट्यावर रोग पडला. गरिबाचं सगळं पोट बटाट्यावर. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि तापानं मेली, आणखी दहा लाखांहून जास्त जहाजांत बसून परागंदा झाली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरं इंग्लंडला जात होती.

त्या दुष्काळात जन्मलेला एक पोरगा मायकल डॅविट. चार वर्षांचा असताना त्याच्या घरच्यांना बेदखल केलं. इंग्लंडमध्ये सूतगिरणीत कामाला लागला आणि अकराव्या वर्षी यंत्रात त्याचा उजवा हात गेला. मोठेपणी तो गुप्त हत्यारबंद संघटनेत शिरला, बंदुका जमवताना १८७० मध्ये पकडला गेला, सात वर्षं तुरुंगात काढली. सुटून आला तो वेगळंच काम घेऊन. १८७९ मध्ये त्यानं आणि पार्नेल या पुढाऱ्यानं लँड लीग उभी केली. खंड कमी करा, बेदखली थांबवा, कसणाऱ्याची जमीन करा. दुसऱ्याच वर्षी मेयो जिल्ह्यात एका लॉर्डाच्या दिवाणजीनं कुळांना बेदखलीच्या नोटिसा काढल्या, तेव्हा सगळ्या मुलखानं त्याच्याशी व्यवहार तोडला. गडी काम सोडून गेले, दुकानदार माल देईना, लोहार घोड्याला नाल ठोकेना. पीक काढायला उत्तरेकडून पन्नास मजूर आणले आणि त्यांच्या राखणीला शेकडो सैनिक-पोलीस. पाचशे पौंडांचं पीक काढायला दहा हजार पौंड खर्च झाला असा तेव्हाचा अंदाज होता. त्या दिवाणजीचं नाव कॅप्टन बॉयकॉट. बहिष्काराला इंग्रजीत तोच शब्द पडला, आणि टिळकांच्या काळात तो आपल्याकडेही आला. टिळकांनी १९१६ मध्ये काढलेल्या होमरूल लीगचं नावही आयर्लंडच्याच चळवळीवरून. तर नातं अगदीच लांबचं नाही.

जमिनीचा प्रश्न पुढे कायद्यांनी बराच सुटला. कुळं मालक झाली. राज्याचा प्रश्न मात्र राहिला. १९१६ चा उठाव झाला, १९१९ ते १९२१ लढाई झाली, आणि शेवटी इंग्रजांनी देशाचे दोन तुकडे केले. बत्तीस जिल्ह्यांपैकी सव्वीस स्वतंत्र, उत्तरेचे सहा ब्रिटनकडे. या सहा जिल्ह्यांत प्रॉटेस्टंट दोन तृतीयांश, आणि राज्य त्यांच्या पुढाऱ्यांचं. कॅथलिक माणसाला नोकरी मिळायची मारामार, सरकारी घर मिळायची त्याहून जास्त. नगरपालिकेच्या निवडणुकीत मत फक्त घरपट्टी भरणाऱ्याला आणि त्याच्या बायकोला. म्हणजे घर नाही तर मत नाही, आणि मत नाही म्हणून घर नाही. डेरी नावाच्या शहरात कॅथलिक जास्त, पण वॉर्ड असे कापलेले की सत्ता दुसऱ्यांची.

१९६८ मध्ये कॅलेडन गावात घराच्या यादीत खोळंबलेली लेकुरवाळी कॅथलिक कुटुंबं बाजूला ठेवून नवं सरकारी घर एका एकोणीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलीला दिलं. ती सत्ताधारी पक्षाशी लागेबांधे असलेल्या वकिलाकडे कामाला होती. एक आमदार त्या घरात जाऊन ठाण मांडून बसला. तिथून नागरी हक्कांच्या मोर्चांना जोर चढला. ५ ऑक्टोबर १९६८ ला डेरीत पोलिसांनी मोर्चाला झोडपून काढलं. पुढे सैन्य उतरलं, खटल्याशिवाय स्थानबद्धता आली. ३० जानेवारी १९७२ ला त्याच डेरीत सैनिकांनी बिनहत्यारी मोर्चावर गोळ्या चालवल्या. तेरा जण तिथंच मेले, चौदावा नंतर. त्या रविवारनंतर हत्यारबंद संघटनांच्या दारात पोरांची रांग लागली. हे आम्ही मुद्दाम सांगतो. पुढं जे घडलं त्याचा दोष नुसता पोरांच्या डोक्यावर ठेवता येणार नाही.

पण तोवर आय.आर.ए. दुभंगली होती. १९६९ च्या शेवटी एक भाग म्हणाला, आधी बंदूक. त्याला प्रोव्हिजनल म्हणतात, रेडिओवर ऐकू यायची ती हीच. दुसरा भाग म्हणाला, गरीब कामगारांची एकी करू, निवडणुका लढवू. हे ऑफिशियल. ऑफिशियलांनी मे १९७२ मध्ये शस्त्रबंदी केली. त्यांच्यातच सीमस कॉस्टेलो नावाचा माणूस होता. त्याला हे पटेना.

कॉस्टेलोवर थोडं थांबायला हवं. डब्लिनच्या दक्षिणेला ब्रे नावाचं समुद्रकाठचं गाव, तिथला हा. जन्म १९३९ चा. सोळाव्या वर्षी आय.आर.ए. मध्ये, आणि पोटासाठी जुन्या मोटारी विकायचा. १९६७ मध्ये तो गावच्या नगर परिषदेवर आणि विकलो जिल्हा परिषदेवर निवडून आला. भाडेकरूंच्या तक्रारी, घरांचे प्रश्न, श्रीमंतांनी कुंपण घातलेला समुद्रकिनारा लोकांना मोकळा करणं, ही त्याची कामं. १९७४ मध्ये लोकांनी त्याला परत निवडून दिलं. म्हणजे माणूस हवेतला नव्हता. त्याचं म्हणणं असं की इंग्रजांना हाकलणं आणि गरिबाचं राज्य आणणं ही दोन कामं नव्हेत, एकच काम आहे. ऑफिशियल पहिलं सोडून बसलेत आणि प्रोव्हिजनल दुसरं विसरलेत. ऐकायला बरोबर वाटतं. आम्हालाही वाटतं. १९७४ मध्ये ऑफिशियलांनी त्याला काढून टाकलं.

८ डिसेंबर १९७४ ला डब्लिनजवळ लूकन इथल्या स्पा हॉटेलात ऐंशीएक माणसं जमली आणि नवा पक्ष काढला. आयरिश रिपब्लिकन सोशलिस्ट पार्टी. ही बातमी जगजाहीर झाली. त्याच दिवशी, त्याच जागी, आणखी एक गोष्ट ठरली ती मात्र गुपचूप ठेवली. ती म्हणजे मुक्ती सेना. पक्ष उघड्यावर, सेना अंधारात. दोन्हीच्या मुळाशी कॉस्टेलो.

आता नीट ऐका, गोष्टीचं दुखणं इथं आहे. पक्षाच्या कार्यकारिणीत बर्नाडेट मॅकअलिस्की होती, माहेरची डेव्हलिन. एकविसाव्या वर्षी ब्रिटनच्या पार्लमेंटात निवडून गेलेली बाई. डेरीच्या गोळीबारानंतर ब्रिटनचा गृहमंत्री पार्लमेंटात उभा राहून सैनिकांनी स्वसंरक्षणासाठी गोळ्या चालवल्या म्हणायला लागला, तेव्हा बाकावरून उठून तिनं त्याच्या थोबाडीत दिली होती. भित्री म्हणून तिला कुणी काढण्यात काढलं नसतं. तर तिनं आणि तिच्या बरोबरच्यांनी १९७५ मध्ये सवाल उभा केला की ही सेना कुणाच्या हुकमात? पक्षाची बैठक ठरवील ते सेनेनं करायचं, की सेना करील ते पक्षानं निस्तरायचं? सेना पक्षाच्या हुकमात आणायचा ठराव पडला. ती आणि कार्यकारिणीतले पुष्कळ जण वर्षभरातच बाहेर पडले.

बंदूक असावी की नसावी, यावर तो ठराव नव्हता. बंदूक कुणाचं ऐकणार, यावर होता. ज्याला भाडेकरूंची तक्रार घेऊन लोकांपुढे जायचं असतं, तो लोकांना बांधील राहतो. लोक त्याला विचारतात, शिव्याही देतात. ज्याचं नावच लोकांना माहीत नाही, त्याला कोण विचारणार?

आणि पहिलं रक्त इंग्रजांचं नव्हतं सांडलं. पक्ष निघून तीन महिनेही झाले नव्हते तर बेलफास्ट शहरात ऑफिशियलांनी नव्या पक्षाचा एक कार्यकर्ता मारला. त्याला उत्तर, उत्तराला उत्तर. २८ एप्रिल १९७५ ला ऑफिशियलांचा बेलफास्टचा प्रमुख बिली मॅकमिलन मारला गेला. गोळी घालणारा म्हणून जेरार्ड स्टीन्सन या पोराचं नाव घेतात. वय वीसही नव्हतं. हे नाव ध्यानात ठेवा, परत येईल. ही सगळी माणसं एकाच वस्तीतली, एका गल्लीत राहणारी, काल-परवापर्यंत एका संघटनेत. कॉस्टेलोवरही हल्ला झाला, तेव्हा वाचला. ५ ऑक्टोबर १९७७ ला डब्लिनमध्ये मोटारीत बसलेला असताना त्याला गोळ्या घातल्या. मारणारा ऑफिशियलांपैकीच होता असं सगळे मानतात. ज्याच्यावर वहीम होता त्याला पाच वर्षांनी त्याच भागात मारलं. १९१६ च्या उठावात इंग्रजांनी ज्यांना मृत्युदंड दिला त्या जेम्स कॉनली यांची म्हातारी मुलगी कॉस्टेलोबद्दल म्हणाली होती की माझ्या वडिलांचं म्हणणं खरं समजलेला हा एकच माणूस. असा माणूस गेला, आणि गेला तो आपल्यातल्याच माणसांच्या हातून.

पोलिसांनी काय केलं तेही सांगायला हवं. ३१ मार्च १९७६ ला सॅलिन्स गावाजवळ टपालाची आगगाडी लुटली. दक्षिणेच्या, म्हणजे स्वतंत्र आयर्लंडच्या पोलिसांनी या पक्षाची माणसं उचलली. कोठडीत मारहाण झाली आणि कबुलीजबाब निघाले. कसे निघतात ते तुम्हाला समजवायला नको. खास कोर्टात ज्यूरी नव्हती. १९७८ मध्ये त्या जबाबांवर तिघांना शिक्षा ठोठावली. अंगावरच्या जखमा आरोपींनी स्वतःच करून घेतल्या असं कोर्टानं मानलं! पुढे प्रोव्हिजनलांनी सांगितलं की लूट आम्ही केली होती. दोघं १९८० मध्ये अपिलात सुटले. तिसरा, निकी केली, १९८४ पर्यंत आत होता, आणि त्याला रीतसर माफी मिळाली १९९२ मध्ये. न केलेल्या गुन्ह्याची माफी. पक्षाच्या उघड कामाला त्या खटल्यानं कायमची खीळ बसली. जी माणसं सभा घेत होती, पत्रकं वाटत होती, ती कोर्टकचेरीत आणि तुरुंगात गुंतली. उघड काम करणारा पकडला जातो आणि अंधारातला मोकळा राहतो, असं दिसलं की पोरं कुठल्या बाजूला जातील?

३० मार्च १९७९ ला लंडनमध्ये पार्लमेंटाच्या मोटारतळाच्या चढावर एअरी नीव्ह या खासदाराची गाडी बॉम्बनं उडाली. नीव्ह हा मार्गारेट थॅचर यांचा उजवा हात. त्याच्या गाडीखाली बॉम्ब लावला तो मुक्ती सेनेनं. जगभर नाव झालं. पाच आठवड्यांत थॅचर निवडून आल्या, आणि त्यांच्या मनात आयर्लंडबद्दल जो राग बसला तो दहा-अकरा वर्षं सगळ्या वस्त्यांनी भोगला. नाव झालं सेनेचं आणि झडत्या आल्या लोकांच्या घरी. उलट बाजूचे मारेकरीही कामाला लागले. १९८० च्या जूनमध्ये पक्षाच्या माजी अध्यक्ष, विद्यापीठात शिकवणाऱ्या मिरियम डॅली यांना राहत्या घरात मारलं. ऑक्टोबरमध्ये रॉनी बंटिंग यांना, तेही घरात, अंथरुणातून उठवून. बंटिंग मूळचे प्रॉटेस्टंट घरातले, त्यांचा बाप दुसऱ्या बाजूचा नावाजलेला माणूस. असेही लोक या पक्षात आले होते हे विसरता कामा नये.

१९८१ च्या उपोषणाबद्दल आदर ठेवूनच लिहिलं पाहिजे. १९७६ च्या मार्चपासून सरकारनं राजकीय कैद्यांचा दर्जा काढून घेतला होता. कैदी म्हणाले, आम्ही चोर-दरोडेखोरांचा गणवेश घालणार नाही. पाच वर्षं अंगावर नुसतं घोंगडं घेऊन राहिले. मागण्या पाच. आपले कपडे, तुरुंगाचं काम नको, एकमेकांत मिसळायची मोकळीक, आठवड्याला भेट, पत्र आणि पार्सल, कापलेली सूट परत. १ मार्च १९८१ ला बॉबी सँड्सनं अन्न सोडलं. दहा जण मेले. त्यातले सात प्रोव्हिजनल, तीन मुक्ती सेनेचे. पॅटसी ओ'हारा २१ मे रोजी, ६१ व्या दिवशी. केव्हिन लिंच १ ऑगस्टला, ७१ दिवसांनी. मायकल डिव्हाइन २० ऑगस्टला, ६० दिवसांनी. तो दहावा आणि शेवटचा. जुन्या आयरिश कायद्यात रीत होती की ज्यानं आपलं देणं बुडवलं त्याच्या दाराशी उपाशी बसायचं, आणि त्यानं दार उघडलं नाही तर पाप त्याच्या माथी. आपल्याकडे धरणं धरायचे तसंच.

त्याच मे महिन्यात पक्षानं बेलफास्ट महापालिकेत दोन जागा जिंकल्या. गेल्या सहा वर्षांत बॉम्बगोळ्यांनी न मिळालेला लोकांचा पाठिंबा या उपाशी पोरांनी मिळवून दिला होता. तो पाठिंबा त्यांनी कसा घालवला ते आता बघा.

१६ सप्टेंबर १९८२. बेलफास्टमधली डिव्हिस फ्लॅट्स ही गरीब कॅथलिकांची उंच इमारतींची वसाहत. मुक्ती सेनेचा तिथं सगळ्यात जोर. गस्तीच्या सैनिकांसाठी तिथंच बॉम्ब लावला. एक सैनिक मेला, आणि वसाहतीतली दोन शाळकरी पोरं. ज्यांच्या रक्षणासाठी म्हणून हत्यार धरलं, त्यांचीच. ६ डिसेंबर १९८२ ला बॅलीकेली गावात सैनिक नाचगाण्याला जमायचे त्या ठिकाणी बॉम्ब ठेवला. काँक्रीटचं छत खाली आलं. सतरा मेले. अकरा सैनिक, सहा साधी माणसं. आणि २० नोव्हेंबर १९८३ ला डार्कली गावाजवळ प्रॉटेस्टंटांच्या एका छोट्या प्रार्थनाघरात माणसं भजन म्हणत असताना दारातून गोळ्या आल्या. तीन वडीलधारी माणसं ठार, सात जखमी. मारणाऱ्यांनी नाव भलतंच सांगितलं. पण बंदूक मुक्ती सेनेची होती. सेनेचा तेव्हाचा प्रमुख डॉमिनिक मॅकग्लिंची यानं हे कृत्य धिक्कारलं, आणि बंदूक आपणच एकाला दुसऱ्या कामासाठी दिली होती हेही कबूल केलं.

दिलेली बंदूक दिलेल्या कामालाच वापरली जाईल याची हमी प्रमुखालाही नव्हती. कॉनलींचा झेंडा, सगळ्या कामगारांची एकी, प्रॉटेस्टंट गरीबही आपलाच भाऊ असं पत्रकांत लिहिणारी संघटना. तिच्या बंदुकीनं गरीब शेतकरी मुलखातली भजन म्हणणारी प्रॉटेस्टंट माणसं मारली. बर्नाडेटनं विचारलेल्या सवालाचं उत्तर आठ वर्षांनी डार्कलीत मिळालं असं आम्हाला वाटतं. ही बाई स्वतः तेव्हा गोळ्या खाऊन वाचलेली होती. १९८१ च्या जानेवारीत तिला आणि नवऱ्याला घरात घुसून गोळ्या घातल्या होत्या, विरुद्ध बाजूच्यांनी.

त्यानंतर आला माफीचा साक्षीदार. हॅरी कर्कपॅट्रिक, सेनेतलाच, खुनांबद्दल जन्मठेपेचा कैदी. तो सरकारच्या बाजूनं बोलायला लागला. त्यानं बोलू नये म्हणून सेनेनं त्याच्या बायकोला पळवून नेलं. त्यानंही तो गप्प बसला नाही. १९८५ च्या डिसेंबरात एकट्या त्याच्या साक्षीवर सत्तावीस जणांना शिक्षा झाली. वर्षभरानं अपिलात बहुतेक सगळे सुटले, कारण एका साक्षीदारावर एवढी माणसं टांगणं वरच्या कोर्टालाही पटेना. पण सरकारचं काम होऊन गेलं होतं. आत असताना प्रत्येकजण दुसऱ्याकडे खबऱ्या म्हणून बघायला शिकला होता. माणसं तुरुंगातून सुटली, संशय घेऊन बाहेर आली.

सुटणाऱ्यांत थॉमस पॉवर होता. त्याला टा पॉवर म्हणायचे. त्यानं कैदेत बसून संघटनेचा सगळा इतिहास मांडला होता. इतक्या फुटी का झाल्या, पुढारी का मारले गेले, हे तपासून त्याचं म्हणणं निघालं की राजकारण वर पाहिजे, बंदूक खाली. पक्षानं हुकूम द्यावा, सेनेनं ऐकावं. बर्नाडेट बारा वर्षांपूर्वी हेच म्हणत होती. कैदेत शहाणपण येतं, पण उशिरा येतं.

तोवर आणखी एक फूट पडली होती. आयरिश पीपल्स लिबरेशन ऑर्गनायझेशन. म्हणणं काय, तर मुक्ती सेनाच बंद करायची. त्यांच्या पुढं जेरार्ड स्टीन्सन, मघाचा तो पोरगा, आता तिशीला आलेला. २० जानेवारी १९८७ ला द्रोहडा शहराजवळच्या रॉसनारी हॉटेलात दोन बाजूंची बोलणी व्हायची होती. मुक्ती सेनेची माणसं बसली होती. आलेल्यांनी बोलणी न करता गोळ्या घातल्या. टा पॉवर आणि जॉन ओ'रायली मेले. या भांडणात एकूण अकरा-बारा जण मेले. स्टीन्सनही मार्चमध्ये मेला. या सबंध लढाईत इंग्रजांना बंदूक उचलावीच लागली नाही.

मॅकग्लिंचीच्या घराचं सांगतो आणि पुढं जातो. तो १९८४ मध्ये पकडला गेला होता. ३१ जानेवारी १९८७ ला डंडॉकमध्ये त्याची बायको मेरी दोन पोरांना अंघोळ घालत होती. घरात शिरून तिला पोरांसमोर मारलं. तो १९९३ मध्ये सुटला. १९९४ च्या फेब्रुवारीत द्रोहडात रस्त्यावरच्या फोनपाशी उभा असताना त्याला मारलं. तेव्हाही पोरगा बरोबर होता.

फुटून निघालेला तो नवा गट पुढे मादक पदार्थांच्या धंद्यात शिरला. ज्या वस्त्यांच्या नावानं लढत होते तिथल्याच पोरांना विष विकायला लागले. ३१ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री प्रोव्हिजनलांनी बेलफास्टमध्ये एकाच वेळी त्यांच्यावर धाड घातली, एकाला मारलं, कित्येकांचे पाय गोळ्यांनी फोडले आणि गट बरखास्त करवला. लोकांनी हळहळ व्यक्त केली नाही.

मुक्ती सेना तरी शहाणी झाली का? १९९६ च्या जानेवारीत तिचा नवा प्रमुख जीनो गॅलाघर बेलफास्टच्या बेकारभत्त्याच्या कचेरीत मारला गेला, मारला तो परत आतल्याच भांडणातून. त्या भांडणात नऊ वर्षांची एक मुलगी घरात बसलेली असताना गोळी लागून मेली. त्यावर आम्ही काय लिहावं.

१० एप्रिल १९९८ ला बहुतेक मोठ्या पक्षांचा करार झाला. मुक्ती सेनेला तो करार मान्य नव्हता, आजही त्यांच्या पक्षाला नाही. पण १५ ऑगस्टला दुसऱ्याच एका फुटीर गटानं ओमा गावच्या बाजारपेठेत बॉम्ब लावला आणि एकोणतीस माणसं मेली. त्यानंतर आठवड्यानं, २२ ऑगस्टला, मुक्ती सेनेनं शस्त्रबंदी केली आणि आपल्या हातून घोर चुका झाल्याचं जाहीरपणे सांगितलं. ११ ऑक्टोबर २००९ ला ब्रे गावात कॉस्टेलोच्या थडग्यापाशी त्यांनी हत्यारी लढा संपल्याचं जाहीर केलं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये उरलेली हत्यारं तपासनिसांपुढं नष्ट केली. पस्तीस वर्षं. शंभराहून जास्त माणसं या एका लहान गटानं मारली. त्यात त्यांचीच किती, ते वर आलंच आहे. सहा जिल्हे अजून ब्रिटनकडे आहेत.

काही साथी म्हणतील की तुम्ही सरकारची बाजू घेता. नाही. डेरीच्या गोळीबाराचा खरा अहवाल ब्रिटिश सरकारनं २०१० मध्ये, अडतीस वर्षांनी मान्य केला आणि मेलेले निर्दोष होते म्हणून माफी मागितली. त्या अडतीस वर्षांत मेलेल्यांच्या घरच्यांनी दरसाल तोच रस्ता चालत मोर्चा काढला, कागद जमवले, साक्षी जमवल्या, पहिल्या चौकशीचा खोटा अहवाल मानायचं नाकारलं. त्यांच्या हातात हत्यार नव्हतं. त्यांच्याबद्दल कुणी सिनेमाचा नायक करून लिहीत नाही, कारण कागद जमवण्यात गंमत नाही.

डॅविट आणि लँड लीगची गोष्ट इथं तोंडी लावण्यापुरती आली. तिच्यात बायकांची वेगळी लीग होती, पुरुष तुरुंगात गेल्यावर १८८१ मध्ये तिनं सगळं काम अंगावर घेतलं होतं. ती हकीगत पुढच्या अंकात सविस्तर देऊ. ज्या पाड्यांवर अंक वाचून दाखवतात तिथं शाळेतला जगाचा नकाशा मागून आणावा, इंग्लंड कुठं आणि आयर्लंड कुठं ते पोरांना बोटानं दाखवावं. कुणाला काही विचारायचं असेल तर पाड्याच्या कार्यकर्त्याकडे लिहून द्यावं, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं. उत्तर अंकात छापू.